कमी पैशात जुने पण भारी कपडे कुठे मिळतील? (पुणे, आणि इतरत्रही)

बार्शीलाइट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. पुण्यात पीजीवर राहते, पुढच्या एक तारखेपासून पहिली नोकरी. ऑफिस आठ-दहा जणांचं, इंटिरियर डिझाइनचं, आणि तिथली जनता अशी टापटीप की मी आत शिरले तर कुरियर घेऊन आलीय असं वाटेल. इंटरव्ह्यूला मैत्रिणीचा कुर्ता घालून गेले होते, तो आता परत गेला. माझ्याकडे कॉलेजचे चार टीशर्ट आणि दोन जीन्स, त्यातली एक गुडघ्यावर फाटलेली (फॅशन नाही, स्कूटीवरून पडले होते).
पगार हातात यायला अजून दोन महिने तरी आहेत, तोवर कपड्यांसाठी जास्तीत जास्त १५०० रुपये. नव्यात तेवढ्यात एक बरा कुर्ता नि एक पँट आली की संपलं. इन्स्टावर थ्रिफ्टवाले बघितले, ५९९ चा जुना शर्ट, वर ८० शिपिंग, परत घेणार नाहीत आणि विचार करेपर्यंत 'सोल्ड'. हात लावून, बघून घेता येतील असे जुने कपडे कुठे मिळतात? आणि घेताना नेमकं बघायचं काय?
आईला अजून सांगितलेलं नाहीये.

निवांत_पाटील
आयडी आणि विषय दोन्ही जुळलं की! हलके घ्या.

बार्शीलाइट
अहो मी बार्शीचीच आहे. 'बार्शी लाइट' ही आमची जुनी नॅरोगेज रेल्वे जाऊन ब्रॉडगेज आली तरी आमच्या नावाचा शिक्का काही पुसत नाही.

सोमवारपेठी
जुना बाजार. मंगळवार पेठ, रविवार आणि बुधवार. लोक तिथे नाणी, कॅमेरे, पान्हे-पकडी बघायला जातात, कपड्यांच्या ढिगाला वळसा घालून जातात, म्हणून तर तिथे माल मिळतो. माझं कॉरडरॉयचं जॅकेट तिथलं आहे, १५० ला घेतलं त्याला बारा वर्षं झाली, अजून गणपतीनंतर बाहेर निघतं ते होळीलाच आत जातं.
सकाळी जा. दुपारी ऊन, गर्दी, आणि चांगलं ते उचललेलं असतं. मोबाइल पुढच्या खिशात. सुटे पैसे घेऊन जा, पाचशेची नोट काढलीत की भाव तिथेच गोठला. आणि जे हवंय ते हातात धरून 'केवढ्याला' विचारू नका. तीन-चार वस्तू उचलायच्या, नको असलेल्याचा भाव आधी विचारायचा, नाक मुरडून खाली ठेवायची, मग हवी ती सहज विचारल्यासारखी.

डेक्कनक्वीन_७
सोमवारपेठी, तुम्ही लहानपणी मंडईत वाढलात का :)
बार्शीलाइट, एक गोंधळ आधी मिटवते. फॅशन स्ट्रीट (मुंबईतलं आझाद मैदानासमोरचं किंवा तुमच्या कॅम्पातलं) म्हणजे सेकंडहँड नाही. तिथे बराच माल एक्स्पोर्ट सरप्लस म्हणून येतो, म्हणजे ऑर्डर रद्द झाली, रंग थोडा चुकला, एखादी शिवण वाकडी गेली, मग कंपनीचं लेबल कापून तो माल इकडे. कॉलरच्या आत अर्धवट कापलेलं लेबल दिसलं तर बहुतेक वेळा तोच प्रकार. अर्थात आजकाल साध्या मालालाही मुद्दाम लेबल लावून मग कापतात, तेव्हा लेबल बघून भुलू नका, कापड बघा. तुमचं कॅम्पातलं मार्केट २०२१ च्या मार्चमध्ये आगीत जवळजवळ सगळं जळलं होतं, नंतर परत उभं राहिलं, मी गेल्या वर्षी दोन टॉप आणले.
मुंबईत खरं जुनं हवं असेल तर शुक्रवारी चोरबाजारात जुम्म्याचा बाजार, नाहीतर कामाठीपुऱ्याकडची दीड गल्ली. ती पहाटे चारला भरते, चपला-बूट जास्त, मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघून घ्यायचं. मी एकदाच गेले भावाला घेऊन. बूट मस्त मिळाले, घरी येऊन बघितलं तर एक आठ नंबर आणि एक नऊ.

भरली_वांगी
एक आठ एक नऊ :फिदी: मग काय केलंत?

डेक्कनक्वीन_७
भावाचा उजवा पाय थोडा मोठाच आहे म्हणाला. घालतो अजून.

शिवणटिपण
बाळा, कुठे मिळेल ते वरच्या मंडळींनी सांगितलंच आहे, काय बघायचं ते मी सांगते. बावीस वर्षं मशीनवर बसतेय, निम्मं काम अल्टरेशनचंच असतं.
कपडा हातात आला की पहिल्यांदा उलटा करायचा. सुलटा प्रत्येकच कपडा बरा दिसतो. आतून शिवण बघायची, शिवणीच्या कडेला किती कापड सोडलंय ते बघायचं. अर्धा-पाऊण इंच मार्जिन असेल तर शिंपी तुमच्यासाठी काहीतरी करू शकतो, नुसतं ओव्हरलॉक मारून कडेला संपवलं असेल तर जेवढा आहे तेवढाच, एक सूतही वाढणार नाही.
मग खांदा. सगळ्यात महत्त्वाचं हेच आणि पोरी नेमकं हेच बघत नाहीत. कंबर घेता येते, उंची कमी करता येते, बाही अर्धी करता येते, पण खांदा उतरत असेल तर अख्खी बाही उसवून परत लावावी लागते, त्याची मजुरी कपड्यापेक्षा जास्त होते. खांद्याची शिवण तुमच्या हाडावर बसते का बघा, बाकी सगळं माझ्यावर सोडा.
मग बगल. तिथला पिवळा डाग कितीही धुतला तरी जात नाही, कडक झालेलं कापड असेल तर घेऊच नका. पँट असेल तर बैठकीकडचा भाग आणि मांड्यांच्या मधला भाग उजेडाकडे धरून बघा, पलीकडचं दिसायला लागलं की समजा महिनाभराचं काम. कॉलरची घडी नखाने तपासा, तिथे धागे तुटायला सुरुवात होते. चेन तीन वेळा वरखाली करा. बटण नसेल तर काळजी नको, बटणाच्या जोरावर दहा-वीस रुपये कमी करून घ्या आणि बाजूच्या शिवणीत बघा, जादाचं बटण आतल्या लेबलला लावलेलं सापडतं बऱ्याचदा.
आमच्या आजोबांच्या शर्टाची कॉलर विरली की आजी ती उसवून, उलटी करून परत लावायची. विरलेली बाजू घडीच्या आत जायची. एका शर्टाला दोन आयुष्यं. हे काम आता कोणी करून मागत नाही, पण मला येतं. कोणी शर्ट घेऊन आलं तर मी चहा पाजून करून देईन.

जर्सीकर
ताई, _/\_. वाचनखूण साठवली.

अण्णा_उवाच
सगळं ठीक आहे पण एक सांगू का, दुसऱ्याने अंगावर वापरलेलं वस्त्र घालू नये असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. कोणाचे होते, कोणत्या आजाराचे, माणूस जिवंत तरी आहे का, काही माहीत नसतं. नोकरीची सुरुवात करताय, १५०० मध्ये एकच घ्या पण कोरं घ्या. हे माझे वैयक्तिक मत.

निवांत_पाटील
अण्णा, लॉजवर उतरता तेव्हा चादर घरून नेता का?

अण्णा_उवाच
हो. नेतो.

भरली_वांगी
:फिदी: :फिदी: अण्णा, हा पॉइंट तुमचा.

कोरडवाहू
अण्णांशी सहमत नाही पण धाग्यातली एकूण मजाही पचत नाहीये, म्हणून लिहितो.
माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. दिवाळीला प्रत्येक घरून एक पिशवी यायची, त्यात त्यांच्या मुलांचे कपडे. आमच्याकडे त्याला थ्रिफ्ट वगैरे शब्द नव्हता, 'उतरण' म्हणायचे. सहावीत असताना एक निळा स्वेटर आला, खूप ऊबदार होता, छातीवर त्या मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर विणलेलं, 'र'. आईने रात्री बसून ब्लेडने तो 'र' उसवला. उसवला तरी तिथली लोकर जरा गडद राहिली होती, उन्हात रंग उडाला नव्हता ना तेवढ्या भागाचा. म्हणजे 'र' गेला आणि 'र' ची सावली राहिली. वर्गात एकाने विचारलं, तुझं नाव तर स वरून आहे. मी दोन हिवाळे छातीवर दप्तर धरून चाललो.
आता पोरं पैसे देऊन तेच घेतात, फोटो टाकतात. करा, माझं काही म्हणणं नाही, ताईंनी तर नक्की घ्या. फक्त 'आमच्याकडे किती पूर्वीपासून रीयूज होतं' असं कौतुक कोणी करायला लागलं की मला तो स्वेटर आठवतो. आम्हाला ढिगातून निवडायला मिळत नव्हतं.

शिवणटिपण
दादा, वाचून थांबलेच.

बार्शीलाइट
कोरडवाहू दादा, लिहिलंत ते बरं केलंत. आईला न सांगण्याचं कारण तेच आहे. तिची चार भावंडं, ती सगळ्यात धाकटी, लग्नापर्यंत अंगाला नवं कापड लागलं नाही असं नेहमी सांगते. मी जुने कपडे घेतले म्हटलं तर तिला वाटेल आपण कमी पडलो.

जर्सीकर
प्रतिसाद काढून टाकला आहे.

जर्सीकर
आधी विनोद केला होता, वर वाचून काढून टाकला. कामाचं लिहितो.
इकडे अमेरिकेत सेकंडहँडची लाज जवळजवळ नाहीच, गुडविल तर १९०२ पासून आहे, बॉस्टनमधून सुरू झालं. विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा पहिल्या थंडीतला कोट तिथूनच घेतला. इथल्यांसाठी टीप: श्रीमंत वस्तीजवळच्या दुकानात जा, लोक जवळच्या दुकानात दान करतात त्यामुळे माल त्या वस्तीसारखा असतो. टॅगचा रंग बघा, आठवड्याला एखाद्या रंगावर निम्मी सूट असते. आणि त्यांचं आउटलेट असतं, त्याला सगळे 'बिन्स' म्हणतात, तिथे मोठमोठ्या टोपांमधून वजनावर कपडे. हातमोजे घालून जा. घरी आणलं की पिशवीतून थेट ड्रायरमध्ये, पूर्ण गरम, ढेकूण उष्णतेने मरतात. पलंगावर पिशवी ठेवायची नाही म्हणजे नाही.
अवांतर: एकदा तिथे साडी सापडली. काठापदराची, मोरपंखी, हँगरला घडी करून अडकवलेली, वर चिठ्ठी 'पडदा'. सहा डॉलर. फॉल-पिको केलेली आणि पदराच्या निऱ्यांना खांद्याची सेफ्टी पिन तशीच. कोण सोडून गेलं असेल कुणास ठाऊक. बायकोने संक्रांतीला नेसली, पिन अजून काढलेली नाही.

डेक्कनक्वीन_७
'पडदा' :हाहा: पण ती पिन...

सोमवारपेठी
बोहारीण कोणाला आठवते का? दुपारी दीड-दोनला, बरोब्बर आजीचा डोळा लागला की 'भांडीयेऽऽऽ'. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलचे डबे, पातेली, आणि मग दारात तासभर महाभारत. आजोबांचा टेरिकॉटचा सफारी सूट, दोन शर्ट, एक साडी दिली तरी ती म्हणणार, 'एवढ्यात चहाची गाळणी येईल'. आजी म्हणणार सफारी कोरा आहे, ती तो उलटा करून दाखवणार (ताई, तुमचंच तंत्र!), 'आजी, बघा गुडघा'. शेवटी झाकणासकट डबा यायचा. अजून आमच्या घरात एका डब्याचं नाव 'सफारीचा डबा' आहे.

शिवणटिपण
हे कपडे जातात कुठे ते लोकांना माहीत नसतं. त्या बायका (बऱ्याचशा गुजराती बोलणाऱ्या, वाघरी समाजातल्या, आता ते स्वतःला देवीपूजक म्हणवतात) घरी नेऊन निवडतात, धुतात, रफू करतात, इस्त्री मारतात, आणि मग ते जुन्या कपड्यांच्या बाजारात येतात. म्हणजे जुन्या बाजारातला तुमचा शर्ट कोणाच्या तरी डब्याचा शर्ट असतो. माझ्याकडे अशी एक मावशी येत असे टीप मारून घ्यायला. बोटाने कापड चोळून टक्के सांगायची, यात सुती किती. मला अजून जमत नाही.

निवांत_पाटील
मी ऐकलंय परदेशातले जुने लोकरी कपडे पानिपतला येतात, तिथे फाडून, पिंजून त्याचं परत सूत काढतात आणि ब्लँकेटं करतात. म्हणजे १७६१ नंतर तिथे जाणाऱ्या प्रत्येकाचं अजून चिंध्या होणं सुरूच आहे.

भरली_वांगी
पाटील :हाहा: :हाहा: हे माहिती म्हणून घ्यायचं की जखमेवर मीठ म्हणून?

निवांत_पाटील
माहिती खरी आहे. त्या कामाला शॉडी म्हणतात. आपत्ती आली की वाटली जाणारी ती जाड, राखाडी ब्लँकेटं असतात ना, त्यातली बरीच तिथली.

कपाटातलं_कपाट
धागाकर्तीने इन्स्टावाल्यांवर लिहिलंय आणि मी त्यातलीच एक, म्हणून बोलते. लॉकडाउनमध्ये सुरू केलं. ५९९ दिसतात पण हिशोब ऐका. गठ्ठ्याने माल घेतला तर चाळीसातले पंधरा विकण्यासारखे निघतात. ते धुवा, स्टीम करा, बटणं लावा, फोटो, मापं, पॅकिंग, आणि मग एक जण 'घेते' म्हणून दोन दिवस अडवून गायब.

सोमवारपेठी
ते सगळं मान्य, पण आमच्या ढिगातला ५० चा शर्ट तुम्ही लोक सकाळी सातला येऊन उचलता आणि दहाला आम्हाला उरतात ते 'मॅनेजमेंट फेस्ट २०१४' वाले टीशर्ट, हेही खरं ना?

कपाटातलं_कपाट
खरं आहे. सातला नाही, साडेसहाला.
तरी एक फुकटची टीप देते, बाजारात पण उपयोगी. साइझच्या लेबलवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक देशाचा, प्रत्येक कंपनीचा एल वेगळा. घरातला तुम्हाला सगळ्यात छान बसणारा शर्ट पलंगावर सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, खांदा ते खांदा मोजा, उंची मोजा. हे तीन आकडे मोबाइलमध्ये ठेवा, पर्समध्ये टेप ठेवा. ढिगासमोर ट्रायल रूम नसते.
आणि पुरुषांच्या शर्टांचा ढीग आधी बघा. कापड चांगलं असतं, शिलाई भक्कम असते, आणि साडेसहाच्या पोरी बायकांच्या ढिगावर तुटून पडलेल्या असतात.

बार्शीलाइट
ही टीप भारीय, तुम्हाला एक मोदक. आता वासाचं सांगा कोणीतरी. जुन्या कपड्यांना तो एक वास असतो ना, डांबराच्या गोळ्या आणि ट्रंक मिक्स.

डेक्कनक्वीन_७
डांबरगोळीचा वास उन्हानेच जातो, पण रंगीत कपडा उलटा करून सावलीत हवेशीर टांग, दोन-तीन दिवस. सुती असेल तर कोमट पाण्यात मूठभर मीठ आणि थोडं व्हिनेगर, अर्धा तास, मग नेहमीची धुलाई. रेशमी नि लोकरीला रिठा, दुसरं काही नाही. नाटकवाले कपड्यांवर व्होडका फवारतात म्हणे, वास जातो.

भरली_वांगी
देशी चालेल का? विचारतोय मित्रासाठी.

डेक्कनक्वीन_७
मग ऑफिसात कपड्यांचा वास जाईल आणि नोकरीही.

शिवणटिपण
कापड ओळखायचं असेल तर शिवणीच्या आतून एक-दोन धागे काढा आणि बाजारात नाही, घरी, ताटलीत जाळा. सुती कागदासारखं जळतं, राख होते. पॉलिस्टर वितळून काळा मणी होतो. रेशीम-लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास. पुण्याच्या उन्हात पॉलिस्टर फुकट दिलं तरी घेऊ नका.
आणि घरात आईच्या, मावशीच्या विरलेल्या साड्या असतील तर त्या आधी बघा. नुसता पदर विरलेला असतो, अंगाचं कापड ठणठणीत असतं. त्यात कुर्ता आरामात बसतो. जरीची असेल तर दारावर 'जुन्या जरीच्या साड्या' म्हणत येणाऱ्याला दाखवूही नका, तो त्यातली चांदी बघतो, साडी नाही.

अॅडमिन
देशी-विदेशीची चर्चा इथे थांबवावी. धागा कपड्यांचा आहे.

बार्शीलाइट
तीन आठवड्यांनी येतेय, हिशोब द्यायला.
दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी काहीच कळलं नाही, नुसती ढीग बघून घाबरले आणि एक ब्लेझर २०० ला घेऊन आले कारण तो समोर टांगलेला होता. घरी उलटा केला (घरी! बाजारात नाही, ताई रागावू नका) तर अस्तर दोन्ही बगलांत फाटलेलं आणि धुतल्यावर छातीवर आतलं कॅनव्हास सुटून फुगे आले. आता तो खुर्चीच्या पाठीवर असतो.
दुसऱ्या रविवारी पावणेसातला, टेप घेऊन. पुरुषांच्या ढिगातून पांढरट लिननचा शर्ट ८०, राखाडी पँट १२०, खादीचा कुर्ता ७०, आणि एक हातमागाचा दुपट्टा ५०. तीन नको असलेल्या वस्तू हातात घेऊन नाक मुरडलं, दुकानवाले काका म्हणाले, 'घ्यायची नाही ती आधी दाखवतेस, कोणी शिकवलं?' सोमवारपेठी, तुमचं तंत्र फुटलेलं आहे. तरी वीस रुपये सोडले.
शिंप्याकडे २६०: पँटची कंबर-उंची, शर्टाच्या बाह्या, कुर्त्याच्या बाजू. रिठे-व्हिनेगर ३० चे. सगळे मिळून ८१०, ब्लेझरच्या अपघातासकट. ६९० उरले, त्याच्या चपला घेणार, नव्या, अण्णा. परवा ऑफिसात शर्ट घातला तर एकीने विचारलं कुठून घेतलास, मी म्हटलं मंगळवार पेठ. तिला वाटलं तिथे नवीन बुटीक निघालंय, लोकेशन मागतेय.
आईला फोटो पाठवला आणि सांगून टाकलं. बराच वेळ 'टायपिंग' दिसत होतं. मग आलं, 'खांदा बरोबर बसलाय. माझी निळी इरकल विरलीय, पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन जा.'

कोरडवाहू
छान झालं. कुर्त्याचा फोटो टाका.

शिवणटिपण
इरकल पदरासकट आण, कापू नकोस आधी. आणि तो ब्लेझर पण आण, अस्तर मी बदलून देते, फुग्यांचं बघू काय होतंय.

अण्णा_उवाच
घरात हा धागा वाचून दाखवला. सौ. म्हणतात माझा लग्नातला सूट ३४ वर्षं कपाटात आहे, एकदाच घातलेला, कोणा होतकरू मुलाला हवा असल्यास द्यावा. छाती ३८. माणूस जिवंत आहे.

निवांत_पाटील
अण्णाऽऽऽ _/\_

बार्शीलाइट
एक राहिलंच. पँट भिजवायच्या आधी खिसे बघितले, आतल्या चोरखिशात घडी केलेलं बसचं तिकीट निघालं. पीएमपीचं नाही, पीएमटीचं.

डेक्कनक्वीन_७
म्हणजे २००७ च्या आधीचं, तेव्हाच पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी आणि पुण्याची पीएमटी एक होऊन पीएमपी झाली ना. इतकी वर्षं पँट कोणी धुतली नाही की काय??

सोमवारपेठी
तिकीट फेकू नकोस. नाण्यांच्या ओळीत तिसऱ्या ताडपत्रीवर एक जण जुनी तिकिटं घेतो. पण हातात धरून 'केवढ्याला घेता' विचारू नकोस, आधी त्याच्याच दोन-तीन तिकिटांना नाक मुरड.

भरली_वांगी
पँटपेक्षा जास्त आले तर भरली वांगी माझ्याकडून.